मार्चअखेरचा आकडा

बँकेशी व्यवहार असणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यास मार्चअखेरची लगबग परिचित असते. शाखेचे ठेवींचे उद्दिष्ट ३१ मार्चच्या शिलकेवर तोलले जाते, मग जुन्या खातेदारांस विनंती होते, “शेठ, चार दिवस रक्कम राहू द्या.” आकडा गाठला जातो आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात ठेवी पूर्ववत होतात. बँकेच्या भाषेत यास ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणतात. तो आकडा खोटा नसतो. केवळ एका दिवसापुरता खरा असतो.

प्राथमिक शाळांवरील चाचण्यांचा भार पाहताना याचेच स्मरण होते. आपल्या राज्यात शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून आहे. परंतु तीस बसणे ऐच्छिक होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षभर चालणाऱ्या सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा आग्रह धरला. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाबरोबर राज्यव्यापी चाचण्या आल्या. २०२३-२४ मध्ये शासकीय व अनुदानित शाळांत तिसरी ते आठवीसाठी एक पायाभूत व दोन संकलित अशा तीन चाचण्या सुरू झाल्या. विषय प्रथम भाषा, गणित व इंग्रजी. त्याच वर्षी पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणेही आवश्यक ठरले.

यामागील हेतू निःसंशय चांगला आहे. मुंबईतच स्थापन झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ पाहणीने पाचवीतील अनेक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे वारंवार दाखविले. मोजलेच नसते, तर हे कळलेही नसते.

अडचण मोजण्यात नाही, मोजण्यालाच उद्दिष्ट करण्यात आहे. ज्या विषयाची चाचणी नाही, त्याचा तास हळूहळू चाचणीच्या सरावाकडे वळतो. चित्रकला, गोष्ट, परिसरातील झाडे-पाखरे मागे पडतात. शिक्षकाचा वेळ उत्तरपत्रिका तपासण्यात आणि गुण ऑनलाइन भरण्यात जातो. मुलाची चूक समजावून देण्यास तो उरत नाही.

दुकान केवळ ताळेबंदावर चालत नाही, रोजमेळावर चालते, हे आपणांस सांगावयास नको. आज कोण वाचताना अडखळला, कोणाचा हातचा चुकला, हा शिक्षकाचा रोजमेळ. तो लिहावयास व त्यावर काम करावयास त्यास अवकाश हवा.

घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत आपल्यातील अनेकजण शाळांचे विश्वस्त आहेत, बहुतेकजण पालक वा आजी-आजोबा आहेत. विश्वस्तांनी पुढील सभेत निकालाची टक्केवारी विचारावी. परंतु त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा: मागे राहिलेल्या मुलांसाठी चाचणीनंतर कोणते तास दिले गेले? उत्तर मिळाले नाही, तर शिक्षकास दोष देण्यापूर्वी त्याच्यावरील कागदकामाचा भार हलका करण्यासाठी एखादा लेखनिक नेमण्याचा विचार करावा. घरी दुसरीतील नातवास ऑलिंपियाडच्या क्लासला धाडण्याऐवजी रोज दहा मिनिटे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

यास खर्च फारसा नाही, आणि ही ठेव एप्रिलमध्ये कोणी काढून नेत नाही.