घासकामाची धूळ

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा सुरात लागण्याआधी कितीतरी दिवस त्याचे घासकाम चाललेले असते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुनीच्या लाकडाचा गळा आणि दांडी, त्यावरचे तासणे-कोरणे आणि लाखेचे पॉलिश चढण्यापूर्वी काचपेपरने पुन्हापुन्हा घासणे. हत्यारांच्या कामातील शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा व्यवसाय हाती घेतला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याचे कौतुक योग्यच आहे. त्यातून उडणाऱ्या धुळीची चौकशी मात्र क्वचितच होते.

रंध्याचा भुगा जड असतो, तो खाली पडतो आणि झाडून निघतो. घासकामाची भुकटी तशी नसते. आपल्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन. ५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. विजेवर चालणारे सँडर हातापेक्षा कितीतरी वेगाने घासते, म्हणून अशी भुकटीही ते भरपूर करते. इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरच्या गावातील कारागिरांत नाकाच्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग अधिक आढळतो, हे १९६०च्या दशकात लक्षात आले. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना निश्चित कर्ककारकांत केली. हा धोका वर्षानुवर्षे धूळ घेणाऱ्यांचा आहे. घरी एकदा कपाट घासल्याने कोणी घाबरून जाऊ नये. दम्याच्या आजोबांना मात्र ती एक दुपारही पुरेशी होते.

यावर उत्तम उपाय म्हणजे धूळ उडण्यापूर्वीच ओढून घेणे. बहुतेक सँडरना मागे धूळ बाहेर पडण्याचे तोंड असते. त्यावरची छोटी पिशवी काढून तेथे व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडता येते. दोन्ही तोंडांची मापे सहसा जुळत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात रबरी जोड मिळतो. न मिळाल्यास सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दोन्ही तोंडांवर चढवून क्लिपने आवळला तरी काम भागते. काचपेपरची भोके सँडरच्या तळाच्या भोकांवर नेमकी बसली पाहिजेत. येथेच बहुतेकांची गफलत होते. भोके झाकली गेली की नळी जोडूनही धूळ बाहेरच उडते. ओढ फार झाली तर सँडर लाकडाला चिकटते, तेव्हा नळीवरची हवेची खिडकी थोडी उघडावी. आधी व्हॅक्यूम सुरू करावा, मग सँडर; बंद करताना उलट क्रम. साधी कापडी पिशवी बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडते, म्हणून हेपा गाळणी असलेले यंत्र घ्यावे आणि ती गाळणी घराबाहेर झटकावी.

विजेचा हिशेब आधीच करावा. १४०० वॅटचा व्हॅक्यूम आणि ३०० वॅटचे सँडर मिळून सात अँपिअरहून अधिक वीज घेतात. ६ अँपिअरच्या प्लगवर एकाच एक्स्टेन्शन बोर्डातून दोन्ही चालवणे म्हणजे वायर तापवणे होय. स्पिरिटमधील लाखेचा हात ओला असताना तेथे घरगुती व्हॅक्यूम मुळीच लावू नये. त्याच्या मोटारीत ठिणग्या होतात आणि स्पिरिटची वाफ पेट घेते.

सातारच्या पेठांतील किंवा वाईच्या जुन्या वाड्यांतील रंगवलेल्या दारांबाबत आमचे मत कठोर आहे. घरगुती रंगातील शिशाची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून ९० पीपीएम झाली. त्यापूर्वीच्या थरांत शिसे किती असेल याचा भरवसा नाही. असे दार व्हॅक्यूम जोडूनही कोरडे घासू नये. रांगणाऱ्या नातवंडाच्या बोटांवाटे ही धूळ पोटात जाते आणि मेंदूच्या वाढीस बाधते. जुना रंग पक्का असेल तर त्यावरच नवा रंग द्यावा. तो काढणे अगदीच अटळ असेल, तर पाणी लावून ओले घासकाम करवून घ्यावे आणि तेवढे दिवस मुलांना व वडीलधाऱ्यांना दुसरीकडे ठेवावे.

तोंडावर उपरणे बांधून बारीक धूळ थांबत नाही. एन-९५ मास्क घट्ट बसला तर थांबते. दाढी असेल तर तो घट्ट बसत नाही. फुप्फुसाच्या जुन्या रुग्णाला मास्कने गुदमरल्यासारखे होत असेल, तर त्याने त्या खोलीत थांबूच नये. काम संपल्यावर कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

घरात आयुष्यभर सुतारकाम किंवा सतारीचे काम केलेले कोणी वृद्ध असतील, तर काळजी घेणाऱ्यांनी दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. खोकला सुट्टीच्या दिवसांत कमी होऊन काम सुरू होताच परततो का? एकच नाकपुडी अनेक आठवडे बंद राहते किंवा तिच्यातून रक्त येते का? दुसरे लक्षण दिसल्यास सर्दीची गोळी देत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. या हातांनी किती वर्षे आणि कोणते लाकूड घासले, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे.