वजनाचा पहिला रकाना

मागच्या महिन्यात एका आरोग्य शिबिरात गर्भारपणाच्या सातव्या महिन्यातल्या एका मुलीचे माता-बाल संरक्षण कार्ड हाती आले. वजनाचे आकडे ओळीने लिहिलेले होते: 44, 45, 46, 47. दर भेटीला बरोबर एक किलो. शाई एकच, अक्षर एकाच हाताचे. उंचीची जागा कोरी. तिला चप्पल काढून काट्यावर उभे केले तर काटा 43.5 वर थांबला. उंची भरली 149 सेंमी. लग्नात किती होतीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “चाळीसच असेल.” म्हणजे सुरुवातीचा बीएमआय 18, आणि सात महिन्यांत वाढ जेमतेम साडेतीन किलो. तपासणीच्या चार भेटी होऊनही हे कार्डावर कुठेच दिसत नव्हते.

ते कार्ड भरणाऱ्या सिस्टरांना दोष द्यायला हे लिहीत नाही. बाहेर रांग, हाताशी एकच काटा, त्यातही स्प्रिंग सैल आणि फरशी उंचसखल. पण आपल्या तपासणीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट कोणती असेल, तर ती वजनाची पहिली नोंद. ती बारा आठवड्यांच्या आत झाली, उंचीशी ताडून पाहिली, तरच पुढच्या आकड्यांना अर्थ येतो. 56 किलो वजनाची बाई 165 सेंमी उंच असेल तर बीएमआय 20.6, तिची उंची 150 असेल तर तोच 24.9. भारतीयांसाठी 2009 साली ठरवलेल्या निकषांनुसार 23 पासून अतिवजन आणि 25 पासून लठ्ठपणा. ही दुसरी बाई आपल्याला ‘बांध्याने छान’ वाटते आणि काही न बोलता आपण तिला पुढे पाठवतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) देशातल्या 18.7 टक्के स्त्रियांचा बीएमआय 18.5 च्या खाली आढळला, तर 24 टक्के स्त्रियांचा 25 किंवा त्याहून वर. दोन्ही टोके आता एकाच बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर शेजारी बसलेली असतात. आपल्याला मात्र एका वेळी एकच दिसते. सरकारी दवाखान्यात कृश आई दिसते, खासगीत लठ्ठ, आणि ज्याला जी सवय, तेवढीच त्याची नजर तयार होते.

वजनदार आईच्या बाबतीत धोक्यांची यादी सगळ्यांना पाठ आहे: गर्भारपणातला मधुमेह, प्री-एक्लॅम्प्सिया, सिझेरियन, टाक्यांत जंतुसंसर्ग, पायातल्या शिरेत गुठळी, पोटातच बाळ दगावणे. चुका होतात त्या साध्या जागी. जाड दंडावर नेहमीचा अरुंद पट्टा बांधला की रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो. मोठा पट्टा कपाटात असतो, नाहीतर मागवलेलाच नसतो. सोनोग्राफीत चरबीच्या थरामुळे मणका आणि हृदय नीट दिसले नाही, तर अहवालात तसे स्पष्ट लिहायला हवे आणि बाईला पुन्हा बोलवायला हवे, कारण मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांचे प्रमाणही या गटात जास्त असते. चार किलोच्या बाळाचे घरभर कौतुक होते. आई मधुमेही असेल तर त्याच बाळाची साखर पहिल्या काही तासांत घसरू शकते आणि ते सुस्त पडून राहते. ‘शांत बाळ आहे’ असे म्हणत आजी त्याला झोपू देते. अशा बाळाला पहिल्या तासात छातीशी लावणे आणि टाचेतून साखर तपासणे हे प्रसूतिकक्षाच्या फळ्यावर लिहून ठेवण्याजोगे काम आहे. अशा आयांना दूधही थोडे उशिरा उतरते. त्या दोन दिवसांत तिच्याजवळ कोणी बसले नाही, तर तिसऱ्या दिवशी डबा आणि बाटली घरात येते.

कृश आईचे बाळ लहान होते, एवढ्यावर आपण थांबायचो. पुण्याने आपल्याला त्यापुढचे शिकवले. 1993 मध्ये केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथल्या आयांचा सरासरी बीएमआय 18 च्या आसपास होता. बाळे जन्मली ती सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. पण मापपट्टी आणि कॅलिपर लावल्यावर दिसले की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव जितके कमी होते, तितकी कातडीखालची चरबी कमी नव्हती. बाळ दिसायला रोड, आतून चरबीदार. हीच मुले पुढे मधुमेहाच्या वाटेवर जाण्याची शक्यता जास्त असते. आणि त्यातलीच एखादी मुलगी पंचविसाव्या वर्षी आपल्याकडे नाव नोंदवायला येते, तेव्हा ती लठ्ठ आई म्हणून येते. म्हणून कृश आणि लठ्ठ असे दोन वेगळे विषय मानायला मी तयार नाही. एकाच कहाणीची दोन पिढ्यांमधली ही दोन पाने आहेत.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली, जी आपल्या सल्ल्यात अजून पुरती उतरलेली नाही. बाळाच्या वाढीचा संबंध आईने किती उष्मांक खाल्ले यापेक्षा पालेभाजी, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले याच्याशी अधिक दिसला. विहिरीचे पाणी ओढणे, धुणी बडवणे अशा कष्टांच्या आयांची बाळे लहान निघाली. मग मुंबईच्या झोपडवस्त्यांत 2006 पासून ‘सरस’ प्रकल्पात हजारो बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. गर्भारपणातल्या मधुमेहाचे प्रमाण त्या गटात कमी झाले. सगळ्या बाळांचे मिळून वजन मात्र वाढले नाही. दिवस राहण्याआधी तीन महिने तरी खाऊ मिळालेल्या आयांची बाळे सरासरी 48 ग्रॅमने जड भरली, आणि तो फायदाही मुख्यतः अंगाने बऱ्या बायकांना झाला. सर्वांत कृश गटाला तो झालाच नाही. हा निष्कर्ष वाचून मला अनेक दिवस चैन पडले नाही. ज्यांच्यासाठी आपण धडपडतो, त्यांच्याकडे आपण फार उशिरा पोहोचतो, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

किती वाढ योग्य, याला 2009 च्या अमेरिकी शिफारशी हाताशी आहेत: कृश आईसाठी 12.5 ते 18 किलो, मध्यम बांध्यासाठी 11.5 ते 16, अतिवजनासाठी 7 ते 11.5, लठ्ठपणात 5 ते 9. त्यातले अतिवजन आणि लठ्ठपणाचे गट बीएमआय 25 आणि 30 वर पाडलेले आहेत आणि दीडशे सेंमी उंचीच्या आपल्या बायका समोर ठेवून केलेले नाहीत. त्यामुळे आकड्यापेक्षा रेषेची दिशा बघा. दोन भेटींत वजन हलले नाही तर रक्त, लघवी, पोटाची उंची आणि घरातले ताट या चारही गोष्टी विचारात घ्या. आठवड्यात दोन किलो वाढले तर आधी पायावर बोट दाबून पाहा आणि रक्तदाब घ्या.

आता बोलण्याविषयी. “आता दोन जिवांची आहेस, दुप्पट खा,” हे सासू सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार गर्भारपणात रोज 350 उष्मांक जास्त लागतात. म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध. काही घरांत नेमके उलटे चालते. बाळ मोठे झाले की बाळंतपण अडेल, या भीतीने सातव्या महिन्यापासून ताट आखडले जाते. ही भीती आडमुठेपणातून आलेली नाही. दवाखाना दूर असताना अडलेली बाई डोळ्यांदेखत गेल्याच्या आठवणी त्या घरांत आहेत. त्या भीतीला उत्तर द्यायचे तर प्रसूती कुठे होणार, गाडी कोणाची, हे आधी ठरवून द्यावे लागते. आणि जाड बाईला काट्यावर चढवून रांगेदेखत आकडा ओरडून सांगणे बंद झालेच पाहिजे. जिला एकदा लाज वाटली ती पुढची तारीख चुकवते. तो आकडा तिला बाजूला घेऊन सांगा, आणि तीन महिन्यांत वजन उतरवण्याचा सल्ला पोटुशीला देऊ नका.

उरला तो बाळंतपणानंतरचा काळ, ज्यात ती आपल्या यादीतच नसते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना विश्रांती, मग घर आणि काम, आणि दुसऱ्या खेपेला ती येते तेव्हा पाच-सात किलो जड किंवा तितकीच खंगलेली. स्वीडनमधल्या दीड लाखांहून अधिक मातांच्या नोंदी 2006 मध्ये अभ्यासल्या गेल्या. दोन बाळंतपणांच्या मध्ये बीएमआय तीन अंकांनी वाढला, तर दुसऱ्या वेळी प्री-एक्लॅम्प्सिया आणि मृत जन्म यांचा धोका वाढलेला दिसला, मग ती बाई लठ्ठ झालेली नसली तरीही. हा मधला काळ आपल्या हातात असतो. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशींना, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाला ती मूल कडेवर घेऊन येतेच. बाळाला काट्यात ठेवतो, आकडा लिहितो, तक्त्यावर टिंब देतो. ती शेजारी उभी असते, हातात बाळाचे दुपटे. मोठा काटा चार पावलांवर असतो. तिलाही त्यावर उभे करा आणि तो आकडा तिच्या कार्डावर लिहा.