आयपी अ‍ॅड्रेस सापडला म्हणजे माणूस सापडला का? पोर्ट नंबरची गोष्ट समजून घ्या

मनमाड जंक्शन. मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर अशा चारही बाजूंच्या गाड्या इथं येतात. गाडीची वाट बघणारे प्रवासी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले असतात. कुणी यूपीआयनं पैसे पाठवतं, कुणी रील बघतं. यातल्या अनेकांचा आयपी अ‍ॅड्रेस बाहेरच्या वेबसाइटला एकच दिसू शकतो. मग त्यातल्या एकानं ऑनलाइन फसवणूक केली, तर पोलिसांनी शोधायचं कुणाला?

याचं उत्तर आयपीच्या जोडीला असलेल्या एका आकड्यात आहे. तो म्हणजे पोर्ट नंबर.

पोर्ट कोण ठरवतं?

आयपी अ‍ॅड्रेस हे स्टेशन मानलं, तर पोर्ट म्हणजे प्लॅटफॉर्म नंबर. हे नंबर ० ते ६५५३५ पर्यंत असतात. वेबसाइटचा प्लॅटफॉर्म ठरलेला असतो, सुरक्षित वेबसाइटसाठी तो ४४३. तुमच्या फोनचा मात्र ठरलेला नसतो. अ‍ॅपनं कनेक्शन मागितलं की ऑपरेटिंग सिस्टिम स्टेशन मास्तरसारखी मोकळा पोर्ट शोधून देते. काम संपलं की तो दुसऱ्या कनेक्शनला मिळतो.

लिनक्समध्ये हा पोर्ट सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधून निवडला जातो, विंडोजमध्ये ४९१५२ ते ६५५३५ मधून. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे. नंबर शक्यतो अंदाज न येणारा निवडतात, कारण तो आधीच ओळखता आला तर हल्लेखोराला खोटं उत्तर घुसवणं सोपं जातं. २००८ मध्ये डॅन कमिन्स्की यांनी इंटरनेटच्या डीएनएस यंत्रणेतली अशीच त्रुटी समोर आणली होती. त्यावरचा तातडीचा उपाय होता पोर्ट नंबर बेभरवशाचे करणं.

मग गोंधळ कुठे होतो?

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस जगात जेमतेम ४३० कोटी आहेत. ते पुरत नाहीत म्हणून मोबाइल कंपन्या एकच अ‍ॅड्रेस अनेक ग्राहकांना वाटून देतात. अशा वेळी कंपनीची यंत्रणा तुमच्या फोननं निवडलेला पोर्ट बदलून स्वतःचा देते आणि कोणत्या ग्राहकाला कोणता दिला, याची नोंद ठेवते. वेबसाइटला दिसतो तो हा बदललेला पोर्ट.

म्हणजे ग्राहक ओळखायला तीन गोष्टी लागतात: आयपी, पोर्ट आणि अचूक वेळ. एक जरी नसली तरी संशयितांची यादी लांबते. अडचण अशी की अनेक वेब सर्व्हर त्यांच्या नेहमीच्या नोंदीत आयपी आणि वेळ लिहितात, समोरच्याचा पोर्ट लिहीत नाहीत. तो लिहावा, अशी शिफारस इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफनं २०११ मध्येच केली होती.

चूक झाली तर?

२००७ मध्ये ऑर्कुटवरच्या छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका आयटी कर्मचाऱ्याला अटक केली. आयपीची माहितीच चुकीची निघाली. तोवर त्या निरपराध माणसाचे सुमारे ५० दिवस तुरुंगात गेले होते. तो घोळ पोर्टचा नव्हता. पण एका आयपीमागे एकच ग्राहक धरला तरी एवढी चूक होऊ शकते, तर अनेक ग्राहक असताना किती होईल?

नियम काय सांगतात?

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी सिस्टिमच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आणि सर्व्हरची घड्याळं जुळवून ठेवायची आहेत. दूरसंचार कंपन्यांसाठी इंटरनेट वापराच्या नोंदींची मुदत डिसेंबर २०२१ पासून २ वर्षं आहे. नव्या आयपीव्ही६ मध्ये अ‍ॅड्रेसचा तुटवडा नाही आणि त्याच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. पण जुनी पद्धत अजून सुरूच आहे.

तुम्ही काय कराल?

- फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. उशीर झाला तर पैसेही जातात आणि नोंदीही.
- तारीख आणि वेळ मिनिटासकट लिहून ठेवा, स्क्रीनशॉट जपा.
- स्वतःची वेबसाइट असेल, तर सर्व्हरच्या नोंदीत पोर्ट येतो का, हे तपासून घ्या.
- 'आयपी सापडला, आरोपी सापडला' अशी पोस्ट दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी थांबा. स्टेशन कळलंय, प्लॅटफॉर्म अजून कळायचाय.