ऐकून घेतल्यावर

मे महिना तोंडावर आला आहे. व्हीबीएसची पुस्तके मागवून झाली, शिबिराची जागा ठरली, वर्गणीच्या पावत्या निघाल्या. किशोरवयीन मुलांसाठी स्वयंसेवक हवेत, हेही पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केले असेल. पुढे आलेल्यांत बहुतेक जण एकोणीस-वीस वर्षांचे असतात, कॉलेजात शिकणारे किंवा नुकतीच नोकरी लागलेले. गिटार येते, मुलांत चटकन मिसळतो, एवढ्यावर निवड होते. हे संपादकीय या दादा-ताईंसाठी आहे, तसेच त्यांना निवडणाऱ्या पास्टोरेट कमिट्यांसाठीही आहे.

त्यांच्या वयाबद्दल आमची तक्रार नाही. जॉर्ज विल्यम्स यांनी १८४४ साली लंडनमध्ये सोबत्यांसह ख्रिस्ती तरुण संघाची, म्हणजे आपल्या ओळखीच्या वायएमसीएची, स्थापना केली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि कापडाच्या दुकानात नोकरी करत होते. काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. आपण स्वयंसेवकांना गाणी शिकवतो, खेळ शिकवतो, पाठ कसा घ्यायचा ते शिकवतो. पण एखादे मूल जवळ येऊन हळूच काही सांगू लागले तर काय करायचे, हे आपल्या बहुतेक प्रशिक्षणांत येतच नाही. किशोरांमधल्या सेवेचा कस मात्र तिथेच लागतो.

संडेस्कूलमध्ये पाचवी-सहावीपर्यंत भरलेले बाक नववीत रिकामे होऊ लागतात. रविवारी सकाळी क्लास असतो, चाचणी असते, हे खरेच आहे. पण या वयात मुलांच्या मनात जे चाललेले असते त्याला आपल्या वर्गात जागा नसते, हेही तितकेच खरे. दहावीनंतर प्रवेश अर्ज भरताना मुलगी विचारते, जातीच्या रकान्यात काय लिहू? आजोबा एक सांगतात, शाळेच्या दाखल्यावर दुसरेच असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. पुढे शीख आणि बौद्ध यांचा समावेश झाला, आपला झाला नाही. ही माहिती त्या मुलीला कुणीतरी नीट बसून सांगायला हवी. त्याऐवजी तिला एक वचन पाठ करायला दिले, तर पुढचा प्रश्न ती आपल्याला विचारणार नाही. मग घरात बाबा दारू पिऊन मारतात हेही सांगणार नाही, आणि नात्यातला कुणी नको तसा हात लावतो हे तर नाहीच नाही.

पहिल्या शमुवेलाच्या तिसऱ्या अध्यायावर आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाठ घेतला आहे. यहुदी इतिहासकार जोसीफस त्या वेळी शमुवेलाचे वय बारा वर्षे सांगतो, म्हणजे आपल्या सातवीतल्या मुलाएवढे. रात्री हाक ऐकून तो धावत एलीकडे जातो. एकदा नव्हे, तीनदा. म्हातारा, दृष्टी मंदावलेला एली त्याच्यावर खेकसत नाही. तिसऱ्या खेपेला त्याच्या लक्षात येते की पोराला जे ऐकू येते आहे ते खरे आहे, आणि तो त्याला पुन्हा जाऊन पडायला आणि उत्तर द्यायला सांगतो. झोपमोड करणाऱ्या मुलाचे तीनदा ऐकून घेणारा मोठा माणूस! इथवर आपण आवडीने शिकवतो, फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रेही लावतो.

पुढचा भाग मात्र बहुतेक वेळा राहून जातो. सकाळी मंदिराचे दरवाजे उघडणारा तो मुलगा घाबरलेला आहे, कारण त्याला मिळालेला निरोप एलीच्याच घराविरुद्ध आहे. एलीची मुले हफनी आणि फिनहास याजक होती, आणि दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी ती गैरवर्तन करत. हे लोकांनी एलीच्या कानावर घातले होते. त्याने मुलांना चार शब्द सुनावले आणि त्यांना त्यांच्या जागी राहू दिले. म्हणजे शमुवेलाला ऐकायला शिकवणारा आणि आपल्याच घरातले ऐकून गप्प बसणारा माणूस एकच होता. आमच्या मते किशोरांत काम करणाऱ्या प्रत्येकाने दुसरा आणि तिसरा हे दोन अध्याय सलग वाचले पाहिजेत.

मुलाने काही सांगायला सुरुवात केली की त्याचे पहिले वाक्य बहुधा हेच असते: दादा, कुणाला सांगणार नाही ना? मायेपोटी आपण चटकन कबूल करतो. हे वचन देऊ नका. तू सांगतोस ते मी चारचौघांत बोलणार नाही, पण तुला कुणी इजा करत असेल तर ती थांबवू शकणाऱ्या माणसाला मला सांगावेच लागेल, असे आधीच स्पष्ट सांगा. काही मुले तेवढ्यावर थांबतील, त्यांना वेळ द्या. बोलतील त्यांना मध्ये तोडू नका. तेव्हाच का नाही बोललास, ओरडली का नाहीस, असले प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. त्याच दिवशी, मुलाने वापरलेल्याच शब्दांत, लिहून ठेवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याकडे परस्पर जाब विचारायला जाऊ नका. आणि प्रार्थनेचा विषय म्हणून ते बुधवारच्या सभेत मांडू नका. नाव न घेता मांडले तरी छोट्या मंडळीत घर कोणते हे दहा मिनिटांत कळते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा आणि मुलगी बालक आहे. कलम १९ नुसार लैंगिक अत्याचार घडल्याचे ज्याला समजले, किंवा घडण्याची भीती वाटते, त्याने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. स्वयंसेवकालाही हे लागू आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही जबाबदारी येत नाही. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचाऱ्यांपैकी कुणी त्या संस्थेतल्याच मुलावर बलात्कारासारखा अत्याचार केला, तर कायदा तो अधिक गंभीर प्रकारात मोजतो. मंडळीची अब्रू जाईल, मुलीचे लग्न अडेल, आपण आपसांत मिटवू, हे सगळे आपण बैठकांमधून ऐकत आलो आहोत. पोलिसांकडे जाण्याआधी खातरजमा करू, असेही कुणी म्हणते. ती खातरजमा करणे हे तपास यंत्रणेचे काम आहे, कमिटीचे नाही. मदतीसाठी १०९८ हा बालकांचा क्रमांक आहे. मन खचलेल्या, जीव नकोसा झाल्याचे बोलणाऱ्या मुलांसाठी टेली-मानसचा १४४१६ आहे. दहावीच्या निकालाच्या दिवसांत तो प्रत्येक युथ लीडरच्या फोनमध्ये असावा.

शिबिराच्या शेवटच्या रात्रीबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. शेकोटी पेटलेली असते, गाण्यांनी मुलांची मने भरून आलेली असतात, आणि एकेकाला साक्ष द्यायला पुढे बोलावले जाते. अनेकांच्या आयुष्यात त्या रात्रीने खरोखर वळण आणले आहे आणि त्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. पण चौदा वर्षांचे मूल त्या भारावलेपणात पन्नास जणांसमोर असे काही बोलून जाते, जे सोमवारी शाळेत त्याच्या आधी पोचलेले असते. साक्ष देणे ऐच्छिक ठेवा आणि कुणाला नावाने पुकारू नका. घरातले किंवा शरीराबद्दलचे काही कुणी बोलू लागले, तर त्याला हळूच बाजूला घेऊन दोन मोठ्या माणसांसमोर शांतपणे बोलू द्या. व्हिडिओ तर काढूच नका.

बाकीचे नियम सोपे आहेत आणि ते आधीच लिहून काढावेत. बंद खोलीत एकटा मोठा माणूस आणि एकटे मूल, असे कधीही नको. दार उघडे असावे किंवा दुसरे कुणी नजरेच्या टप्प्यात असावे. मुलींच्या मुक्कामाला स्त्री स्वयंसेविका हव्यातच. रात्री उशिरा वैयक्तिक व्हॉट्सॲप चॅट नको, निरोप पालक असलेल्या ग्रुपवर द्यावेत. दुसऱ्या मंडळीतून आलेल्या माणसाची चौकशी त्याच्या आधीच्या पाळकांकडे करावी आणि काही महिने त्याला दुसऱ्या अनुभवी सेवकाबरोबरच ठेवावे. तो कुणाचा तरी मुलगा आहे म्हणून यातून सुटका नको. एलीच्या घरी तेच झाले होते. यामुळे सेवेतला आपलेपणा जातो, असे काही जुने सेवक म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. नियम ठाऊक असलेल्या मुलीला दादाशी मोकळेपणाने बोलता येते, कारण कुठल्या वागण्यावर आपण बोट ठेवू शकतो हे तिला कळलेले असते.

कमिट्यांना आमची एक आग्रहाची विनंती आहे. वीस वर्षांच्या स्वयंसेवकाने एखादे भयंकर सत्य ऐकले, तर ते घेऊन त्याने कुठे जायचे? अनेक गावांत एकाच पाळकाकडे चार-पाच मंडळ्या असतात आणि ते महिन्यातून एकदा येतात. म्हणून मंडळीतली एक प्रौढ स्त्री आणि एक प्रौढ पुरुष यांची बाल संरक्षणासाठी नेमणूक करा. कमिटीच्या पदाधिकाऱ्यांच्या घरातले ते नसावेत. त्यांची नावे आणि फोन नंबर सूचनाफलकावर लावा, आणि शिबिराच्या पहिल्याच सकाळी मुलांना ते मोठ्याने वाचून दाखवा. पोलीस ठाण्यात जायची वेळ आली तर त्यांच्यापैकी एकाने स्वयंसेवकाबरोबर जावे, आणि परतल्यावर पुढचे काही आठवडे त्याचीही विचारपूस करावी. एवढे जड ओझे एकट्याने वाहिलेले कितीतरी चांगले तरुण वर्षभरात सेवा सोडून गेले. त्यांच्या जाण्याने ज्या मुलांनी विश्वास टाकला होता, त्यांचे आणखी एक माणूस कमी झाले.

एप्रिलच्या बैठकीत हा ठराव घ्या. शिबिर ८ मेला सुरू होणार असेल, तर ७ मेला आठवण होऊन उपयोग नाही.