वाइन कूलर आधी घरात हवा की दुकानात?

गंगापूर रोड, कॉलेज रोड, पाथर्डी फाटा, कुठेही नवीन फ्लॅट बघायला जा. इंटिरिअरवाल्याने ओट्याखाली वाइन कूलरची जागा काढलेली असते आणि घरमालक विचारतात, "कुठला घेऊ?" नाशिकला राहतो म्हणून हा प्रश्न मलाही येतो. एकदाच सविस्तर लिहितो. मात्र शेवटपर्यंत वाचा, मुद्दा नुसत्या कूलरचा नाही.

पहिलं स्पष्ट बोलतो. महिन्याला दोन-तीन बाटल्या आणून त्याच महिन्यात संपवणाऱ्या घराला वाइन कूलर लागत नाही. आपल्याकडच्या बहुतेक वाइन वर्षानुवर्षं ठेवायच्या नसतातच, त्या ताज्या प्यायच्या असतात. घरचा फ्रिज पुरतो. पांढरी वाइन प्यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. लाल वाइन "रूम टेंपरेचर"ला प्यायची म्हणतात, ते युरोपातल्या थंड घरांचं, 16-18 डिग्रीचं. आपल्या मे महिन्यातल्या हॉलचं नव्हे! त्यामुळे लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बिघडत काही नाही.

ज्यांच्याकडे पंधरा-वीस बाटल्या महिनोन् महिने राहतात, त्यांनी कूलर जरूर घ्यावा. फ्रिज चार-पाच डिग्रीवर असतो, आतली हवा कोरडी असते. जास्त दिवसांनी बुचाची बाटली असेल तर बूच सुकतं. (स्क्रूच्या झाकणाला ती भीती नाही, ती बाटली उभी ठेवली तरी चालते.) घेताना एवढं बघा:

1. कॉम्प्रेसर आहे का? छोटे, स्वस्त कूलर बहुतेक थर्मोइलेक्ट्रिक असतात. आवाज नाही, हादरे नाहीत, दिसायला छान. पण ते खोलीपेक्षा फार तर 10-15 डिग्रीच खाली जातात. खोली 36 वर असेल तर आत 22-25. साठवणीला हवेत साधारण 12-14. एसी कायम चालू असेल तरच तो घ्या.

2. क्लायमेट क्लास. मागच्या स्टिकरवर किंवा माहितीपत्रकात असतो. 'एन' म्हणजे 32 डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी, 'एसटी' 38 पर्यंत, 'टी' 43 पर्यंत. नाशिक, संभाजीनगर, नागपूरवाल्यांनी 'टी' मागावा. सेल्समनला माहीत नसेल तर स्टिकर स्वतः वाचा.

3. हवा कुठून बाहेर पडते? मागून गरम हवा सोडणारा कूलर सुताराने फर्निचरमध्ये गच्च बसवला की कॉम्प्रेसर सतत चालतो, वीजबिल वाढतं आणि मशिन लवकर जातं. ओट्याखाली बसवायचा तर समोरून हवा सोडणारा बिल्ट-इनच पाहिजे. गॅसच्या शेगडीशेजारी नको, उन्हाच्या भिंतीलाही नको.

4. दोन कप्प्यांच्या दोन तापमानांसाठी जादा पैसे मोजायची बहुतेकांना गरज नाही. साठवायला लाल-पांढरी दोन्हींना एकच तापमान चालतं. आणि "18 बाटल्या" लिहिलं असेल तर सरळ बारीक बाटल्यांचा हिशेब असतो. जाड बुडाच्या बाटल्या कमी बसतात.

व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात स्टॅबिलायझर लावा. लाइट गेली तर दार उघडू नका, काही तास आतला थंडावा टिकतो. परवाना आणि घरात किती साठा चालतो हेही राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसात विचारून घ्या. दारूबंदी कायदा 1949 चा असला तरी लागू आहे.

आता मुख्य गोष्ट. चांगला कूलर घेतला, 13 डिग्रीवर लावला, आणि त्यात ठेवलेली बाटली त्याआधी दोन महिने दुकानाच्या काचेत उन्हात उभी होती. मग काय उपयोग? 30-35 डिग्रीत आठवडेच्या आठवडे राहिलेल्या वाइनचा वास मरतो, चव शिजल्यासारखी लागते. नंतर कितीही थंड करा, ती परत येत नाही.

27 जानेवारी 2022 ला सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. केवढा गदारोळ झाला! वाइन म्हणजे दारू की नाही, यावर सगळे बोलले. निर्णय पुढे अडकला तो अडकलाच. पण त्या सगळ्या भांडणात, बाटली किती तापमानाला ठेवणार, हा प्रश्न क्वचितच कुणाच्या तोंडी आला.

मला तो शेतकऱ्याचा प्रश्न वाटतो. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं. ते खायच्या बाजारात चालत नाही. वायनरीने उचललं नाही तर दिंडोरीच्या, निफाडच्या शेतकऱ्याने ते कुठे न्यायचं? 2008 नंतर मागणी पडली तेव्हा अनेकांनी वाइनच्या बागा तोडल्या, हे इथल्या लोकांना आठवत असेल. गिऱ्हाईकाने तापलेली बाटली प्यायली की तो दुकानाला नाव ठेवत नाही. "आपली वाइन अशीच" म्हणतो आणि पुढच्या वेळी परदेशी घेतो, नाहीतर घेतच नाही.

काही जण म्हणतील, दारूचे कसले लाड? पिऊ नका, माझा आग्रह नाही. पण जी वस्तू कायदेशीर विकली जाते, जिच्यावर सरकार कर घेतं, ती नीट साठवून विकावी एवढी अपेक्षा गैर नाही. मेडिकलवाल्याला काही औषधं फ्रिजमध्ये ठेवावीच लागतात ना?

वाइन विक्रीच्या लायसन्समध्येच तापमानाची अट घाला. गोदामालाही लावा. छोट्या दुकानदाराला एका कॉम्प्रेसर कूलरचा खर्च जड जात असेल तर वायनऱ्यांनी हातभार लावावा, शीतपेय कंपन्या दुकानात फ्रिज देतातच की.

तोवर आपल्या हातात एवढंच आहे: काचेतली बाटली घेऊ नका, आतली मागा. हात लावून बघा. गरम लागली तर परत द्या आणि का देतोय ते दुकानदाराला सांगा. दहा गिऱ्हाइकांनी सांगितलं की अकराव्याला सांगावं लागणार नाही.