पुढचा कोण?

भाद्रपद सरतो, आश्विनाची चाहूल लागते, आपल्या घरोघरी घट बसतात, आणि त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत बेसबॉलचा सहा महिन्यांचा साखळी हंगाम संपतो. चार-आठ दिवस इकडे-तिकडे होतात, पण हा योग बहुधा जुळतोच. प्रत्येक संघाचे १६२ सामने खेळून झालेले असतात. तीस संघांतले मोजके पुढच्या फेरीत जातात, बाकीचे आपापल्या गावी परततात, आणि ज्यांच्या मैदानावरचे दिवे विझले त्यांच्या शहरात त्याच रात्री दुसरा एक हंगाम सुरू होतो. मॅनेजर राहणार की जाणार? गेला तर पुढचा कोण? आणि त्याला नेमणारा वरचा साहेब तरी जागेवर राहणार का? बोस्टन, शिकागो, न्यू जर्सीत स्थिरावलेल्या आपल्या माणसांच्या घरीही आता देवीच्या आरतीनंतर प्रसादाच्या वाट्या हातात घेऊन हीच चर्चा चालते. क्रिकेटवर वाढलेले आईबाप ऐकत असतात आणि तिथेच जन्मलेली मुले त्यांना समजावून सांगत असतात. आपण जुने आवरतो, झाडतो, पुसतो आणि नव्याला जागा करून देतो त्या दिवसांत ही चर्चा यावी, हा योगायोग काही वाईट नाही. तेव्हा या निमित्ताने थोडा हिशेब मांडायला हरकत नाही.

या खेळाशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढे सांगायला हवे, की बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे कचेरीत बसणारा व्यवस्थापक नव्हे. कोणाला खेळवायचे, फलंदाजीचा क्रम काय ठेवायचा, दमलेल्या पिचरच्या हातून चेंडू कधी काढून घ्यायचा, हे मैदानावरचे सगळे निर्णय त्याचे. साठी-सत्तरीतला गृहस्थ खेळाडूंसारखाच गणवेश चढवून डगआउटमध्ये बसलेला असतो, हे दृश्य आपल्याला प्रथम जरा गमतीचेच वाटते. मैदानाबाहेरचे राज्य मात्र फ्रंट ऑफिसचे. खेळाडूंचे करार, त्यांची अदलाबदल, नवोदितांची निवड आणि खुद्द मॅनेजरची नेमणूक हे जनरल मॅनेजरचे, आणि अलीकडे त्याच्याही डोक्यावर बसवलेल्या बेसबॉल विभागाच्या अध्यक्षाचे काम. या सगळ्यांच्या वर मालक. सामना हरला की प्रेक्षकांना मॅनेजर दिसतो. हरणारा संघ ज्याने जमवला तो काचेआड असतो.

२०११ सालची गोष्ट या दिवसांत हटकून आठवते. त्या वर्षी घटस्थापना २८ सप्टेंबरला होती आणि साखळीचा शेवटचा दिवसही तोच. बोस्टन रेड सॉक्स हा संघ सप्टेंबरच्या आरंभी, गट न जिंकताही पुढे नेणाऱ्या वाइल्ड कार्डच्या शर्यतीत नऊ सामन्यांनी पुढे होता. म्हणजे पुढच्या फेरीतली जागा जवळपास खिशातच होती. त्यानंतर जे झाले त्याला घसरण म्हणणेही सौम्य ठरेल. त्या महिन्यात सात सामने जिंकले, वीस हरले. तरीही शेवटच्या रात्री बाल्टिमोरमध्ये नवव्या डावात बोस्टन एका धावेने पुढे होते, समोरचे दोघे बाद झालेले, आणि चेंडू जॉनथन पॅपलबॉनसारख्या पिचरच्या हाती. तिथून लागोपाठ तीन फटके बसले आणि सामना ४-३ असा गेला. मग अवघ्या काही मिनिटांत, दूर फ्लोरिडात, यांकीजविरुद्ध एकेकाळी सात धावांनी मागे पडलेल्या टॅम्पा बे रेजच्या इव्हान लाँगोरियाने बाराव्या डावात होमरन मारला, आणि बोस्टनची उरलीसुरली आशाही संपली.

दोनच दिवसांनी मॅनेजर टेरी फ्रँकोना गेला. गेला की घालवला, हा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. करार पुढे चालवण्याचा हक्क संघाने वापरला नाही, एवढे खरे. आठ हंगाम, ७४४ विजय, आणि दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन अजिंक्यपदे. त्यातली २००४ ची तर १९१८ नंतरची पहिली, शहाऐंशी वर्षांचा उपवास सोडणारी. पण कृतज्ञतेचे आयुष्य सप्टेंबरमधल्या वीस पराभवांपुढे टिकले नाही. पुढच्या दोन आठवड्यांत बातम्या झिरपू लागल्या. काही पिचर सामना चालू असताना आत बसून तळलेले चिकन खातात, बिअर पितात. हे छापून येणे एक वेळ समजू शकते. पण त्याच लेखनात निनावी सूत्रांच्या तोंडून फ्रँकोनाचा संसार आणि त्याची औषधे यांचीही उठाठेव झाली. जाणाऱ्याच्या माथी सगळे खापर फोडून स्वतःचे अंगण स्वच्छ दाखवण्याची ही रीत जगात सगळीकडे आहे, तरी म्हणून ती कमी ओंगळ ठरत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये फेनवे पार्क या मैदानाची शंभरी होती. आधी नाही म्हणालेला फ्रँकोना अखेर आला, आणि त्या दिवशी प्रेक्षकांनी त्याला जो टाळ्यांचा गजर दिला, त्यात सहा महिने राहून गेलेले देणे फेडल्याची भावना असावी.

इकडे जनरल मॅनेजर थिओ एपस्टाइनही निघाला. २००२ मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने हे पद घेतले तेव्हा त्या पदावरचा तो इतिहासातला सर्वांत तरुण माणूस होता. आता शिकागो कब्ज त्याला बोलावत होते. १९०८ नंतर एकदाही अजिंक्यपद न मिळवलेला संघ तो. त्याच्या करारातून त्याला मोकळे करण्याबद्दल बोस्टनला काय मोबदला द्यावा, यावर दोन्ही संघांची घासाघीस इतकी लांबली की अखेर बेसबॉलच्या आयुक्तांना मध्ये पडावे लागले. एक पिचर देऊन प्रकरण मिटले ते पुढच्या फेब्रुवारीत. माणसे नेमणाऱ्या माणसाची किंमत खेळाडूंत मोजली गेली, याची तेव्हा अनेकांना मौज वाटली होती.

ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, शिकागोत त्याची ओळख करून दिली गेली आणि त्याच दिवशी बोस्टनच्या वृत्तपत्रात त्याचा निरोपाचा लेख छापून आला. त्यातल्या दोन गोष्टी आजही मोलाच्या वाटतात. एक म्हणजे, अमेरिकन फुटबॉलचे नामवंत प्रशिक्षक बिल वॉल्श यांचा दाखला देऊन त्याने लिहिले, की एका जागी दहा वर्षे झाली की माणसाने बदल शोधावा. त्यात त्याचेही भले असते आणि संस्थेचेही. दुसरी अधिक नाजूक. आपण वर्षभरात जाणार असू तर नवा मॅनेजर आपण निवडू नये. ज्याला त्याच्याबरोबर पुढची वर्षे काढायची आहेत त्यानेच तो निवडावा. आपण एकत्र कुटुंबांतून, संस्थांतून, सहकारी बँकांतून, नाट्यमंडळांतून वावरलेली माणसे. हे वाक्य वाचून आपल्यासमोर किती चेहरे उभे राहतात! निघताना पुढच्याचे हात बांधून जाणारे आपण पुष्कळ पाहिले, हात मोकळे ठेवून जाणारे थोडे.

दुर्दैव असे, की एपस्टाइनने जी वाट मोकळी केली ती मालकांनी लगेच अडवली. नवा जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन हा घरातलाच माणूस, खालच्या पायरीपासून चढत आलेला. त्याचा कल डेल स्वेम या उमेदवाराकडे होता असे तेव्हा बोस्टनची वृत्तपत्रे लिहीत होती. मालकमंडळी स्वेमबरोबर जेवली, बोलली, आणि पदाचा शब्द न देता उठली. स्वेम शिकागोला एपस्टाइनकडे गेला. बोस्टनच्या वरिष्ठांच्या मनात बॉबी व्हॅलेंटाइन भरला होता. माणूस लहान नव्हता; न्यूयॉर्कच्या मेट्स संघाला त्याने २००० साली वर्ल्ड सिरीजपर्यंत नेले होते आणि जपानमध्ये चिबा लोट्टे संघाला २००५ चे अजिंक्यपद मिळवून दिले होते. आधीच्या मवाळ कारभारानंतर शिस्तीचा बडगा हवा, हा त्यामागचा विचार. पहिल्याच महिन्यात त्याने केविन युकिलिस या जुन्या, लाडक्या खेळाडूच्या निष्ठेविषयी जाहीर शंका घेतली आणि ड्रेसिंग रूम त्याच्यापासून दुरावली. जूनमध्ये युकिलिस दुसऱ्या संघात गेला, ऑगस्टमध्ये पाव अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे करार एका व्यवहारात लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे सोपवून संघ निम्मा रिकामा झाला. ६९ विजय, ९३ पराभव. १९६५ नंतरचा सर्वांत वाईट हंगाम. तो संपल्याच्या दुसऱ्या दिवशी व्हॅलेंटाइनला निरोप मिळाला.

मग पुढच्या प्रयत्नात जे झाले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जॉन फॅरेल हा बोस्टनचा पूर्वीचा पिचिंग कोच तेव्हा टोरंटोचा मॅनेजर होता. बोस्टनला तो आदल्या वर्षीही हवा होता, पण सौदा जमला नव्हता. आता एक खेळाडू देऊन त्याला आणले. यावेळी चेरिंग्टनची निवड आणि चेरिंग्टनचा संघ यांची दिशा एकच होती. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेपाशी स्फोट झाले, शहर हादरले, आणि त्याच वर्षी तळातून उठलेल्या या संघाने ९७ सामने जिंकून वर्ल्ड सिरीज फेनवेवर जिंकली. स्वतःच्या मैदानावर विजेतेपदाचा तो क्षण बोस्टनने १९१८ नंतर प्रथमच पाहिला. खेळाडूंचे कर्तृत्व यात अर्थात मोठे. तरी मालकांनी यावेळी ढवळाढवळ केली नाही, याचे श्रेय त्यांनाही द्यायला हवे.

शिकागोची कथा निर्मळ नाही, आणि ती तशी रंगवू नये. एपस्टाइनच्या हाताखाली पहिल्या वर्षी कब्जनी १०१ सामने गमावले. स्वेमला दोन वर्षांत निरोप मिळाला. त्याच्यानंतर आलेल्या रिक रेंटेरियाने २०१४ मध्ये संघ ६६ विजयांवरून ७३ वर नेला, पण तेवढ्यात टॅम्पाचा मॅनेजर जो मॅडन मोकळा झाला आणि रेंटेरियाला, त्याचा काही दोष नसताना, एकाच हंगामात जागा सोडावी लागली. हे बोस्टनमध्ये घडले असते तर आपण त्याला अन्याय म्हटले असते. शिकागोत पुढे यश आले म्हणून ते दूरदृष्टीच्या नावाखाली खपले. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मॅडनचे कब्ज समोर उभे राहिले ते क्लीव्हलँडच्या, आणि क्लीव्हलँडच्या डगआउटमध्ये कोण? टेरी फ्रँकोना! सातवा सामना, पावसाने थांबलेला खेळ, दहावा डाव, ८-७. एकशे आठ वर्षांची प्रतीक्षा फळाला आली. पाच वर्षांपूर्वी एकाच पडझडीतून बाहेर पडलेले दोघे त्या रात्री जगातल्या दोन सर्वोत्तम संघांच्या दोन बाजूंना होते. २०११ च्या कोजागिरीला कोणी असे भाकीत केले असते तर आपण दुधाचा पेला खाली ठेवून हसलो असतो.

एपस्टाइनने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, करार एक वर्ष शिल्लक असताना, शिकागोही सोडले, आणि कारण पुन्हा तेच दिले: पुढच्या वर्षांचे निर्णय पुढे राहणाऱ्याने घ्यावेत. त्याची जागा वर्षानुवर्षे बरोबर काम केलेल्या जेड हॉयरने घेतली. बोस्टनला मात्र आपला धडा फार काळ लक्षात राहिला नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये चेरिंग्टनच्या डोक्यावर डेव्ह डॉम्ब्रोव्स्की आला आणि चेरिंग्टन बाहेर पडला. सलग दोन वर्षे गट जिंकूनही २०१७ मध्ये फॅरेल गेला, अ‍ॅलेक्स कोरा आला, २०१८ मध्ये १०८ विजय आणि अजिंक्यपद आले, आणि त्यानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत डॉम्ब्रोव्स्कीलाच मध्यरात्रीच्या सुमारास घरी पाठवण्यात आले. त्याच्या जागी आलेला हाइम ब्लूम २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, हंगामाचे दोन आठवडे उरलेले असताना गेला. यश मिळाले तरी घालवतात, नाही मिळाले तरी घालवतात. मग घालवण्याचा निकष तरी नेमका कोणता, असा प्रश्न तिथल्या चाहत्याला पडला तर त्याला दोष कसा द्यावा?

बदलाला आपण नावे ठेवत नाही. सणाच्या आधी माळ्यावरचे उतरवून पाहणारी आपली परंपरा आहे. जे फुटले ते टाकावे, जे चालण्यासारखे आहे ते घासूनपुसून पुन्हा वापरात आणावे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण फेकणारा एक, निवडणारा दुसरा आणि रोजचा कारभार चालवणारा तिसरा असला की घरात जे होते तेच संघात होते. फ्रँकोनाला काढणे कदाचित तेव्हा अटळ असेलही. त्याच्यामागून आलेल्या माणसाला मात्र ज्याच्या हाताखाली काम करायचे होते त्याने निवडलेले नव्हते, आणि ज्यांनी निवडले त्यांना रोज सकाळी त्याच्याबरोबर बसायचे नव्हते. २०१२ चा हंगाम हातचा गेला त्याला इतरही कारणे होती, दुखापती होत्या, फसलेले करार होते. आमच्या मते सर्वांत मोठे कारण हेच.

यंदाही आता नावांच्या याद्या येऊ लागतील. कोण मोकळा झाला, कोणाला कोणत्या शहरात विमानातून उतरताना पाहिले, कोणाचे कोणाशी जुने सख्य आहे, कोणता निवृत्त खेळाडू गणवेश पुन्हा चढवायला तयार आहे. या चर्चेत रस आहे आणि तो रस आपण जरूर घ्यावा. सहा महिने रोज रात्री सामने पाहणाऱ्याचा तो हक्कच आहे. फक्त आपल्या आवडत्या संघाच्या मॅनेजरसाठी एखादे नाव पुढे करण्याआधी एवढे विचारून घ्यावे, की त्याला निवडणारा माणूस अजून तीन वर्षांनी त्याच कचेरीत असणार आहे का, आणि संघ हरला तर तोही त्याच्याबरोबर लोकांसमोर उभा राहणार आहे का. या दोन्हींचे उत्तर नाही असे आले, तर त्या संघाने मॅनेजरचा शोध थांबवून आधी फ्रंट ऑफिसचा प्रश्न सोडवावा, असे आपण मोकळेपणाने म्हणावे.