माळ्यावरचा वेताळ आणि सुतळीची गाठ

दिवाळीची साफसफाई निघाली आणि माळ्यावरून जुन्या पुस्तकांचा गठ्ठा खाली आला, की आपल्याला पहिली आठवण होते ती रद्दीवाल्याची. माझंही तसंच होतं. पण आज त्याच गठ्ठ्याविषयी सांगायचं आहे, आणि तो गावाला पाठवायची वेळ आली तर काय करावं, तेही. कारण ते मी आधी चुकून आणि मग शिकून केलं आहे.

बाबा गेल्यानंतर माहेरचं घर आवरायला घेतलं, तेव्हा धाकट्या भावाचा अमेरिकेतून फोन आला. “ताई, काहीही दे, पण बाबांचे इंद्रजाल कॉमिक्स रद्दीत देऊ नकोस. मला पाठव.” टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेचे हे अंक १९६४ ते १९९० पर्यंत निघत. वेताळ, जादूगार मँड्रेक आणि १९७६ पासून आपला देशी बहादूर. बाबांनी ते शाळेत असताना खाऊच्या पैशांतून जमवले होते. प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात शाईने स्वतःचं नाव, इयत्ता आणि तुकडी.

मी अकरा अंक एकावर एक रचले, खाकी कागदात गुंडाळले आणि सुतळीने उभे-आडवे बांधले. गाठ सुटू नये म्हणून पायाने दाबून आवळली. मनात म्हटलं, झालं पक्कं! पार्सल पोहोचलं, पण सुतळीने वरच्या आणि खालच्या अंकाच्या कडा कापल्या होत्या, कोपरे दुमडले होते. सर्वात खालच्या अंकाची घडी नेमकी बाबांच्या नावावरून गेली होती आणि तेवढा कपटा निघून आला होता. भाऊ एक शब्द बोलला नाही. तेच मला जास्त लागलं. यात वाटेत कुणाचीच चूक नव्हती. चूक माझ्या गाठीची होती.

प्रतवारी म्हणजे काय?

उरलेल्या अंकांपैकी एक भावाने तिकडे प्रतवारीसाठी दिला. अमेरिकेत सीजीसी नावाची कंपनी २००० सालापासून हे काम करते. जाणकार लोक अंक तपासतात, घड्या, डाग, गंजलेल्या पिना, फाटलेल्या कडा बघतात आणि ०.५ ते १० पर्यंत गुण देतात. मग तो अंक कडक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करतात. वर गुणांची चिठ्ठी असते. पेटी उघडली की प्रतवारी संपली. म्हणून “जरा आतून बघू या” असं म्हणून कुणी ती उचकटू नये. घरातल्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

हे सगळं श्रीमंतांचे चोचले वाटतात ना? मलाही वाटले. पण एक गोष्ट ऐका. उत्तर कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना त्यांच्या दिवंगत आईच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली, काही कॉमिक्स सापडले. त्यात १९३९ सालचा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक होता. त्याला ९.० गुण मिळाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो लिलावात नव्वद लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. त्या माउलीने तो रद्दीत दिला नाही, एवढंच तिचं कर्तृत्व, पण केवढं!

आपल्या वेताळाला काही कोटी येणार नाहीत. भावाच्या अंकाला गुणही जेमतेम चार मिळाले. पण त्याने तो पेटीबंद अंक परत मला पाठवला. “बाबांचं अक्षर तुझ्या घरी राहू दे,” म्हणाला. ते पार्सल मी जमिनीवर बसून थर थर उलगडलं, आणि पार्सल बांधण्याचा धडा खऱ्या अर्थाने तेव्हा शिकले.

सुटा अंक पाठवताना

जुन्या कॉमिक्सचा कागद लाकडाच्या लगद्याचा, हलका. वर्षांनी तो पिवळा आणि ठिसूळ होतो, जुन्या पापडासारखा. वाकवला की मोडतो. त्यामुळे नियम एकच, अंक वाटेत वाकताही कामा नये आणि हलताही कामा नये.

आधी हात धुऊन पूर्ण कोरडे करा. प्रत्येक अंक वेगळ्या, स्वच्छ पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत घाला. अंकामागे अंकाएवढाच पांढरा, आम्लरहित पुठ्ठा ठेवा. तो नसेल तर प्रवासापुरता साधा पुठ्ठा चालेल, पण पोहोचल्यावर काढायला सांगा, नाहीतर त्याच्या आम्लाने कागद पिवळा पडतो. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या मात्र वापरू नका. कितीही धुतल्या तरी तेलकटपणा राहतो.

आता खोक्याचे, आत पन्हळी असलेले दोन पुठ्ठे कापा, अंकापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठे. एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे ठेवा. मग तो जोड कुठल्याच बाजूने सहजी वाकत नाही. अंकाची पिशवी एका पुठ्ठ्याला चार कोपऱ्यांवर चिकटपट्टीने बसवा. पट्टी पिशवीला लागावी, अंकाला कधीच नाही. वरून दुसरा पुठ्ठा ठेवून कडा बंद करा. सुतळीचं नाव काढायचं नाही!

पेटीबंद अंक पाठवताना

पेटी कडक दिसते म्हणून आपण निर्धास्त होतो. तिथेच फसतो. ती काचेच्या बांगडीसारखीच आहे. कोपऱ्यावर आपटली की तडकते. शिवाय जोराचा धक्का बसला, तर पेटी शाबूत राहूनही आतला अंक सरकतो आणि त्याची कड दुखावते. पेटीत पाणीही शिरू शकतं, तेव्हा पावसाचा विचार करायलाच हवा.

म्हणून पेटी आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करा. प्लास्टिकवर ओरखडे पटकन उठतात, म्हणून पेटीला थेट चिकटपट्टी लावू नका. मग बबल रॅपचे दोन वेढे द्या. शेवटची पट्टी लावताना तिचं टोक अर्धा इंच दुमडून ठेवा, म्हणजे उघडणाऱ्याला कात्री न लावता ओढता येतं. माझ्या भावाने हे केलं होतं आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं.

त्यानंतर दोन्ही बाजूंना पन्हळीचे पुठ्ठे. मग खोकं, पेटीपेक्षा सगळ्या बाजूंनी दोन इंच मोठं. ती मोकळी जागा खाली, वर आणि चारही कडांना बबल रॅपने किंवा घट्ट चुरगळलेल्या कागदाने भरा. दोन पेट्या असतील तर मध्ये पुठ्ठा हवाच. आणि त्याच खोक्यात “जागा आहे ना” म्हणून लोणच्याची बरणी किंवा चिवड्याचं पाकीट ठेवू नका. आपल्या हातून हा मोह सुटत नाही, मला माहीत आहे!

बंद केलेलं खोकं कानाशी धरून हलक्या हाताने हलवा. आतून खडखड आली, तर उघडून पुन्हा भरा. आवाज नाही आला, म्हणजे जमलं.

पोस्टात जाण्यापूर्वी

पेटीचे चारही कोपरे, गुणांची चिठ्ठी आणि बांधण्याचा प्रत्येक टप्पा यांचे फोटो काढून ठेवा. नुकसान झालंच, तर भरपाई मागताना हेच कामी येतात. परदेशी पाठवायचं असेल तर आतल्या वस्तूंची नोंद आणि किंमत लिहून द्यावी लागते. खोकं उघडून दाखवावं लागू शकतं, म्हणून चिकटपट्टी आणि कात्री सोबत न्या. विम्याचं खिडकीवरच विचारा. खोक्यात पत्त्याची एक चिठ्ठी ठेवा. बाहेरचा पत्ता पावसात धुऊन गेला तरी ती वाचवते. जमलं तर श्रावणाआधीची झड टाळून पाठवा.

पार्सल घेणाऱ्याने खोक्यात सुरी खोल खुपसू नये. फक्त कडेवरची पट्टी कापावी. पेटी मिळाल्यावर ती उन्हात किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला लावू नका. कपाटात, अंधारात, कोरड्या जागी ठेवा.

माझी पेटी कपाटात साड्यांच्या घडीशेजारी उभी आहे. माझा मुलगा मधूनच काढतो आणि प्लास्टिकमधून आजोबांचं नाव वाचतो. जाणकारांच्या हिशेबात ती शाई म्हणजे अंकावरचा डाग, तिच्यामुळे गुण कमी होतात. आमच्या हिशेबात अंक म्हणजे ती शाईच.

तुमच्याही माळ्यावर असं कुणाचं तरी अक्षर असेल. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा पानं उलटून बघा. आणि पाठवायचं झालंच, तर सुतळी पापडाच्या डब्यासाठी ठेवा!